बाराखडीकाकांनी थांबवलेली गाडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम. व्यासपीठावर बसलेल्या आदरणीय मेट्रनबाई आणि कर्मचारी संघटनेचे सचिव. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, वाहन विभागाचे ज्येष्ठ चालक, आपले सर्वांचे बाराखडीकाका. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेली त्यांची लेक. आणि ड्युटी संपवून आलेले, ड्युटी सोडून आलेले, आणि केवळ चहासाठी आलेले माझे सर्व सहकारी बंधुभगिनी.

मी वाहन विभागाचा प्रमुख. गाड्यांचे हिशोब बरे ठेवतो, भाषण मात्र मला जमत नाही. आतापर्यंत या सभागृहात सहा चालकांना निरोप दिला, आणि सहाही वेळा एकच भाषण केलं. ‘मनमिळाऊ स्वभाव, वक्तशीरपणा, निर्व्यसनी वृत्ती’ हे तीन शब्द पाठ आहेत. नाव बदललं की काम भागतं. आजही ते भाषण खिशात घेऊन आलो होतो. पण काकांच्या बाबतीत ‘वक्तशीर’ हा शब्द मला उच्चारता येणार नाही. कारण त्यांच्या सेवापुस्तकात सात वर्षांपूर्वी लाल शाईने लिहिलेली एक ओळ आहे, आणि ती त्यांना उशिराबद्दलच मिळाली. ती ओळ माझ्यामुळे पडली. अध्यक्ष मॅडम, आपण मला दहा मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागली तर सांभाळून घ्या.

नव्या लोकांना हे ‘बाराखडीकाका’ प्रकरण ठाऊक नसेल, म्हणून आधी ते सांगतो. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी काका प्रत्येक चाकाशी गुडघे टेकून बसतात आणि टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे-अक्षरं मोठ्याने वाचतात. मनात वाचत नाहीत, मोठ्याने. का, असं विचारलं तर म्हणतात की मनात वाचताना माणूस डुलक्या काढतो. आधी माप. मग टायर किती वजन पेलेल त्याचा आकडा. मग किती वेग सोसेल त्याचं अक्षर. मग किती उष्णता सोसेल त्याचं अक्षर, त्यात ए सगळ्यात चांगलं आणि सी कसंबसं पास. शेवटी चार आकडे, त्यातले पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल, टायरचा जन्मदाखलाच. हे चार वेळा, चारही चाकांना. वॉर्डातले पेशंट खिडकीतून ऐकायचे आणि हसायचे. नाव पडलं ते तिथूनच.

आम्हीही हसायचो. मी तर सगळ्यात जास्त हसायचो. ज्याला मापाच्या पुढचं काही वाचता येत नाही त्याला वाचणारा माणूस विनोदी वाटणारच, नाही का?

नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे दोन हायब्रीड गाड्या आल्या. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असलेल्या. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं आणि परत सोडायचं, हे त्यांचं काम. एक गाडी काकांकडे दिली. या गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि ती चालताना तापते. तिला गार ठेवायला एक पंखा असतो आणि तो पंखा हवा ओढतो मागच्या सीटच्या बाजूला असलेल्या एका लहानशा जाळीतून. पोस्टकार्डाएवढी जाळी. कुणाच्या लक्षातही येत नाही. काकांनी गाडीचं पुस्तक घरी नेलं, रविवारभर वाचलं, आणि सोमवारपासून टायरांच्या बाराखडीला एक पान जोडलं. गाडी सुरू करून त्या जाळीवर तळहात धरायचा आणि वारा ओढला जातोय का ते बघायचं.

आता माझ्या हुशारीकडे येतो. डायलिसिसहून परतताना पेशंटना कधी मळमळतं, कधी सुईच्या जागेतून रक्त येतं. सीट खराब होतात. मी जाड प्लास्टिकची आवरणं शिवून घेतली, मागच्या सीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट खोचलेली. तेव्हाच्या अधीक्षकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी हवेत. पाचव्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले की साहेब, या आवरणाखाली जाळी झाकली जाते, बॅटरी गुदमरेल. मी त्यांना रुग्णालयात स्वच्छतेचं महत्त्व काय, यावर पाच मिनिटं ऐकवलं. ते गेले आणि ब्लेडने त्यांच्या गाडीच्या आवरणाला जाळीपुरती चौकट कापली. मला ते महिन्याने दिसलं. रुग्णालयाच्या मालमत्तेचं नुकसान म्हणून मी त्यांना झापलं, आणि नवं, अखंड आवरण काढून ठेवलं.

त्याच सुमारास त्या गाडीचे टायर बदलायला आले. भांडारात जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आणलेले चार कोरे टायर पडले होते. मी माप पाहिलं, तंतोतंत तेच. म्हटलं, घरात आहे तर बाहेरून कशाला आणा. मापाच्या शेजारी जुन्या टायरवर ब्याण्णव होतं आणि या टायरवर अठ्ठ्याऐंशी. चार अंकांचा फरक, त्यात काय एवढं? मला वाटलं, कंपनीचा काहीतरी नंबर असेल. आज मला ठाऊक आहे की ब्याण्णव म्हणजे एक टायर सहाशे तीस किलो पेलतो आणि अठ्ठ्याऐंशी म्हणजे पाचशे साठ. चार टायर मिळून दोनशे ऐंशी किलो कमी. आणि गाडी बॅटरीमुळे जुन्या गाड्यांपेक्षा जड, वर चार माणसं, घडी घातलेल्या दोन व्हीलचेअर आणि सामान. चपलेचा नंबर बरोबर आला म्हणून तीच चप्पल घालून डोक्यावर पोतं घेता येतं असं नाही. हे मला माझ्या आईनेही सांगितलं असतं. पण मी कुणाला विचारलंच नाही.

टायर संध्याकाळी बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं आवरण मी स्वतः उभं राहून खोचून घेतलं. त्या दिवशी डोंगरापलीकडच्या वस्तीतून तीन पेशंट आणायचे होते आणि आधीच उशीर झाला होता. काका सवयीने पहिल्या चाकाशी बसले. मी पोर्चमधून ओरडलो, “आज बाराखडी नको. पेशंट ताटकळलेत.”

ते उठले, गुडघे झटकले, आणि गेले. हा हुकूम माझा होता. पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला सांगितलं आपल्या बाईंनी. पहिल्या रांगेत काठी घेऊन बसल्या आहेत त्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अजूनही आठवड्यातून तीनदा आपल्याकडे येतात आणि सिस्टरांचं शुद्धलेखन सुधारतात. त्या दिवशी मागच्या सीटवर मधोमध त्याच होत्या. परतीच्या चढणीवर ऊन रणरणत होतं, गाडी जड झाली, आणि समोरच्या डॅशबोर्डवर गाडी तापल्याचा तांबडा दिवा लागला. काकांनी शांतपणे गाडी वळणाच्या पुढे, रुंद जागा बघून कडेला घेतली. वळणावर नाही, वळणाच्या पुढे, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. गाडी पूर्ण बंद केली, चावी काढून खिशात घातली. का, तर हायब्रीड गाडी गप्प आहे म्हणजे बंद आहे असं नसतं. चालू अवस्थेत ती कधीही आपणहून इंजिन सुरू करते. मग एकेकाला हात देऊन उतरवलं, रस्त्यापासून लांब, कठड्याच्या आत झाडाच्या सावलीत बसवलं.

इंजिनावरच्या झाकणाच्या फटीतून वाफ येत होती. तेवढ्यात एक ट्रकवाला मदतीला थांबला. भला माणूस. त्याने झाकण उघडलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरची टोपी फिरवायला गेला. काकांनी झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. बाई म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी यांना कुणाचा हात पिरगाळताना पाहिलं. तापलेली टोपी उघडली की उकळतं पाणी दाबाने थेट तोंडावर येतं, ही गोष्ट त्या ट्रकवाल्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण मदतीच्या घाईत माणूस ठाऊक असलेलंच विसरतो. शिवाय त्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात, त्यांच्यात जीवघेणी वीज असते, त्यांच्या वाटेला तर जायचंच नाही. काकांनी त्याचे आभार मानले आणि त्यालाही सावलीत बसवलं.

मग त्यांनी मागचं दार उघडलं, सीटच्या कडेला हात घातला. प्लास्टिक जाळीला चिकटून आत ओढलं गेलं होतं. त्यांनी ते उपसून काढलं. बॅटरीला हवा नाही म्हणून मोटर हात आखडता घेत होती, सगळा चढ एकट्या इंजिनावर, आणि तेही तापलेलं. गाडी निवायची वाट बघता बघता सवय गप्प बसू देईना, म्हणून ते सकाळी राहून गेलेलं वाचायला बसले. तिन्ही पेशंटनी ते झाडाखालून ऐकलं. मागच्या डाव्या चाकाशी आवाज थांबला. तिथे अठ्ठ्याऐंशी लिहिलेलं होतं, आणि त्याच्या खाली टायरच्या बाजूला तळहाताएवढा फुगा आला होता.

त्यांनी मला फोन केला. पाऊण तास झाला होता. मी पहिला प्रश्न विचारला तो दिव्याचा. दिवा गेलाय का? ते म्हणाले, गेलाय. मी म्हटलं, मग निघा. तेव्हा ते जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं.

“साहेब, दिवा गेला. टायरचा फुगा गेला नाही. पुढे उतार आहे.”

मी म्हटलं, स्टेपनी लावा. ते म्हणाले, या गाडीला स्टेपनी नाही, तिची जागा बॅटरीने घेतली आहे, आणि असती तरी बाकीचे तीन टायरही याच आकड्याचे आहेत. मी आवाज चढवला. हा हुकूम आहे असं म्हटलं. त्यांनी, या माणसाने, ज्याने पंचवीस वर्षांत मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, फोन ठेवून दिला.

दुसरी गाडी पोचायला अडीच तास लागले. पेशंट उशिरा पोचले. त्यातल्या एका आजोबांना त्रास झाला, रात्रभर ठेवून घ्यावं लागलं. नातेवाइकांनी तक्रार केली, आणि ती योग्यच होती. आजोबा तिसऱ्या दिवशी ठणठणीत घरी गेले. पण चौकशी लागली.

मित्रहो, आता मला पाणी प्यायला हवं.

चौकशीच्या आदल्या सकाळी मी टेबलाशी आलो तर त्यावर ते प्लास्टिकचं आवरण ठेवलं होतं. धुतलेलं, पुसलेलं, नीट चौकोनी घडी घातलेलं. जाळीच्या जागी पंख्याने ओढून उमटलेली चौकट स्पष्ट दिसत होती. चिठ्ठी नाही, काही नाही. मी खाली गेलो, गॅरेजमध्ये तो टायर पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मापाच्या पुढचं वाचलं. उतारावर तो टायर फुटला असता तर? आत चार माणसं होती. आणि मग मी काय केलं? चारही टायर काढून भंगारात दिले, बरोबर आकड्याचे बसवले, आवरणं बंद केली. सगळं सुधारलं. फक्त खरं बोललो नाही.

चौकशीत काकांनी फक्त फुग्याचं सांगितलं, ते टायर कुणी लावले ते नाही. मला विचारलं गेलं. मी म्हटलं, असा फुगा चाक खड्ड्यात आदळल्याने येतो. हे खोटं नाही, असा फुगा येतो. पण तो तसा आला नव्हता, हे मला ठाऊक होतं. अहवाल याच सभागृहात वाचला गेला, तिथे, त्या खिडकीशी उभं राहून. चालकाच्या निष्काळजीपणामुळे टायर खराब झाला, त्याने वरिष्ठांचा आदेश मोडून गाडी अकारण थांबवली आणि रुग्णांना रस्त्यावर ताटकळत ठेवलं. लाल ओळ पडली. काकांना वर्षभर गाडी मिळाली नाही. फाटकावर बसवलं, आडवा दांडा वर-खाली करायला. बाईंना त्या चौकशीत कुणी विचारलंच नाही. त्यांनी स्वतः पत्र पाठवलं होतं. ते माझ्याकडे आलं. मी फाईलला लावलं नाही. बाई, तुमचं अक्षर सुरेख आहे, ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

फाटकावरही त्यांनी बाराखडी सोडली नाही, हे जाता जाता सांगायला हवं. दांडा वर करण्याआधी येणाऱ्या गाडीचे टायर वाचायचे. एकदा खुद्द तेव्हाच्या अधीक्षकांची गाडी अडवली. टायर आठ वर्षांचा आहे, नक्षी दिसत असली तरी रबर म्हातारं झालंय, असं तोंडावर सांगितलं. साहेब चिडले, पण आठवड्याने टायर बदलले.

हसा, हसायलाच सांगितलंय. पण त्या वर्षात एक गोष्ट घडली जिच्यावर हसता येणार नाही. माझा मुलगा आणि काकांची मुलगी एका वर्गात होती. मी घरी जेवताना माझीच बाजू रंगवून बोललो. मुलाने ते वर्गात सांगितलं. तुझ्या बाबांनी आजारी माणसं उन्हात रस्त्यावर सोडली. पंधरा वर्षांच्या मुलीने घरी येऊन बापाला विचारलं की हे खरं का. काका एवढंच म्हणाले, गाडी थांबवली हे खरं. काकूंनी मला परवा सांगितलं की त्यानंतर दोन-तीन वर्षं ती बापाशी कामापुरतंच बोलायची.

परवा मी निवृत्तीचे कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. सही करताना ती लाल ओळ समोर आली. मला राहवलं नाही. मी विचारलं, काका, तुमच्याकडे आवरण होतं, टायर पाहिलेला होता, साक्षीला बाई होत्या. चौकशीत माझं नाव का घेतलं नाहीत? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, “तेव्हा बोललो असतो तर तुम्ही गेला असता. नवा माणूस आला असता, त्याने पुन्हा तेच टायर लावले असते. तुम्ही तरी परत लावणार नव्हता.”

चष्मा परत लावत म्हणाले, “राग नव्हता असं समजू नका. वर्षभर तुमच्या गाडीसाठी दांडा वर केला, दर वेळी राग आला.” मग सही केली, आणि पेन परत देताना एवढंच मागितलं की ती ओळ निघाली तर बघा, पोरीने एकदा कोरं पान बघायला हवं.

अध्यक्ष मॅडम, काल मी आपल्याकडे दोन कागद दिले. पहिल्यावर आपण सकाळीच सही केली, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. लाल ओळ रद्द झाली आहे, आणि तिच्या जागी लिहिलंय की या चालकाने गाडीतल्या चारही जणांचे प्राण वाचवले. दुसरा कागद माझ्याविरुद्ध आहे. त्याचं काय करायचं ते आपण ठरवा, मी उद्याही आठ वाजता गॅरेजमध्ये असेन.

आणि बाळ, तू दुसऱ्या रांगेत आहेस म्हणून तुझ्याकडे बघून बोलतो. तुझ्या बाबांनी कुणालाही रस्त्यावर सोडलं नाही. सोडलं ते मी, त्यांना. तो अहवाल ज्या सभागृहात वाचला त्याच सभागृहात हे सांगायचं होतं.

समारंभाची व्यवस्था करणाऱ्या सगळ्यांचे, बाईंचे आणि काकूंचे मी मनापासून आभार मानतो. भाषण संपवताना वक्ता बोलण्यातलं उणंअधिक पोटात घालायला सांगतो. ती रीत मी आज पाळणार नाही. माझं उणं सात वर्षांच्या गप्प बसण्यातलं आहे, आणि त्याची क्षमा इथल्या एकाच माणसाकडे मागायची आहे. काका, मी चुकलो. मला माफ करा. आज जमलं नाही तर राहू द्या, मी थांबेन.

तुम्हाला घरी सोडायला तीच हायब्रीड गाडी पोर्चमध्ये लावली आहे. आज ती मी चालवणार आहे. चहा झाला की या, चारही चाकांपाशी बसा आणि मोठ्याने वाचा. कितीही वेळ लागू द्या.